सारजाबाई न्हायत

जळकोटच्या सारजाबाईंचं निम्मं आयुष्य आडत बाजारात चाळणी हलवण्यात गेलं. टेम्पोतून सोयाबीन उतरलं की बाया ते चाळायच्या, मग हमाल पोती भरायचे. हमालांना पोत्यामागं हमाली. बायांना मातेरं, म्हणजे चाळणीखाली पडलेला माती-खड्यांतला माल. घरी न्यावा, पाखडावा, निघेल ते विकावं. डोळ्यांत जाईल ते वेगळं.

हमालीचा करार तीन वर्षांनी नवा व्हायचा. यंदा तो ज्या दिवशी होता, त्या सकाळी सारजाबाई थेट गुरुसिद्धप्पा आडत्यांच्या गादीवर गेल्या. हमालांचे पुढारी, म्हणजे सारजाबाईंचे धाकटे दीर गोरोबा, तिथं पेन घेऊनच बसले होते.

"भावजी, बायांची मजुरी लिवली का?"

"वहिनी, ह्यो हमालांचा करार हाय."

"मग आमी कोण?"

"तुमी घरच्याच की!"

गुरुसिद्धप्पांना हे उत्तर इतकं पटलं की त्यांनी गोरोबांना आणखी एक चहा सांगितला.

सारजाबाई बाहेर आल्या, चाळणी भिंतीला टेकवली आणि लिंबाखाली बसल्या. शेजारी इरम्मा बसली. मग बाकीच्या बाया. ढिगामागून ढीग पडत गेले.

"ओ सारजाबाई, माल आलाय!" गादीवरून गुरुसिद्धप्पांनी हाक दिली.

"सारजाबाई न्हायत."

"मग तुमी कोण?"

"करारात बगा. असल्या तर येतील."

गोरोबा तावातावानं बाहेर आले. "चला रे, तसंच भरा!"

कुणी हललं नाही. न चाळलेला माल हमाल भरणार नाही, हे कलम मागच्या वेळी गोरोबांनीच भांडून घातलं होतं. धुळीनं छाती भरते म्हणून.

"दादा, त्यापायी हार घातला हुता आमी तुमाला," सिदू हमाल म्हणाला.

"मग तूच चाळ!"

सिदूनं चाळणी धरली. जरा हलवली न हलवली तोच खोकत बाजूला झाला.

"तोंडाला पदर लाव की," इरम्मा म्हणाली.

"पदर कुठनं आणू?"

गोरोबा वहिनींजवळ उकिडवे बसले. आवाज खाली आणला. "घरी बोलू की."

"करार घरी हुतोय व्हय?"

गोरोबा आत गेले, बाहेर आले. "लिवलं. हमाल व इतर."

"इतर म्हंजी?"

"तुमीच."

"इतरात बैल बी येतो, भावजी."

गोरोबा पुन्हा आत गेले. या खेपेला कागद घेऊन स्वतः अप्पाच आले आणि उन्हात उभं राहून वाचू लागले: चाळणाऱ्या बायांना पोत्यामागं रोख मजुरी. दर हमालांपेक्षा कमीच होता. बाया सारजाबाईंकडं बघू लागल्या.

"म्होरच्या करारात भांडू," सारजाबाई म्हणाल्या.

सहीला दोनच जागा होत्या. गोरोबांच्या नावाखाली समासात सारजाबाईंनी सावकाश सही केली, कागद परत दिला, पदर तोंडाला गुंडाळला आणि चाळणी उचलली.

धूळ उडाली. अप्पा खोकत मागं सरले.

"आल्या का सारजाबाई?"

"व्हय. आत्ताच."