डिझेलच्या टाकीचं सील

जानेवारीतला तिसरा शुक्रवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. हजर: मी, म्हणजे जुईनगरमधल्या आमच्या सात मजली सोसायटीची सचिव, निवृत्त झाल्यापासून रोज दोनदा बिल्डिंगभोवती फेरी मारणारे आमचे अध्यक्ष, वॉचमन, आणि पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून आलेला मेकॅनिक. गैरहजर: वीज. दहा ते चार पुरवठा बंद राहील असा मेसेज आदल्या दिवशीच आला होता, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार जनरेटरबद्दल होती. तो सुरू व्हायचा, सात-आठ मिनिटं बरा चालायचा, मग आवाज वरखाली व्हायला लागायचा आणि दोन आचके देऊन बंद पडायचा. थोडं थांबून किल्ली फिरवली की पुन्हा तेच. अशा जनरेटरवर लिफ्ट सोडता येत नाही.

आणि त्या दिवशी लिफ्ट हवीच होती. सहाव्या मजल्यावरच्या काकू खुब्याचं ऑपरेशन होऊन दुपारी घरी येणार होत्या. त्यांच्या सुनेने सकाळी आठला मला फोन केला होता. "लाइट नसणार म्हणतात. उद्या आणू का त्यांना?"

"आजच आणा," मी म्हटलं. "जनरेटर आम्ही दर शुक्रवारी तपासतो."

हे खरं होतं. रजिस्टरमध्ये दर शुक्रवारी वॉचमनची सही होती: चालू केला, दोन मिनिटं, ठीक. रजिस्टर मी आखलेलं. दोन मिनिटं हेही मीच ठरवलेलं.

मेकॅनिक पन्नाशीचा, तिथल्याच जुन्या गावातला. आला, वाकला आणि त्याने पहिला हात टाकीच्या झाकणावर ठेवला.

"ताई, ह्ये काय बांधलंय?"

"सील आहे. त्याला हात लावू नका."

त्या सीलला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी डिझेल कमी होतंय अशी कुजबुज सुरू झाली. वॉचमनकडे उगाच बोट जायला नको म्हणून मीटिंगमध्ये मी सुचवलं की टाकी काठोकाठ भरावी, झाकणावर खाकी टेप गुंडाळावी आणि टेपवर सचिव व अध्यक्षांनी सह्या कराव्यात, मतपेटीवर करतात तशा. ठराव एकमताने मंजूर झाला. सील उघडायचं तर दोघांनी हजर राहून रजिस्टरमध्ये कारण लिहायचं. टेप मी स्वतः गुंडाळली. चार वेढे. अशी कामं मी नीट करते.

"पन बगू तरी द्या आत."

"डिझेल काठोकाठ आहे, आम्हीच भरलंय. तुम्ही बाकीचं बघा."

त्याने बाकीचं बघितलं. बॅटरी चांगली निघाली. फिल्टर बदलला. नट सैल करून, हातपंप मारून पाइपातली हवा काढली. दर वेळी मशीन सुरू झालं, दर वेळी मी डायरीत वेळ लिहिली आणि दर वेळी आठ मिनिटांनी ती खोडली.

अध्यक्षांनी विचारलं, "बसवताना याला नारळ फोडला होता ना?"

"फोडला होता साहेब," वॉचमन म्हणाला.

"नारलानं काय व्हनार?" मेकॅनिक मशीनमागून म्हणाला. "टाकीत तेल हाय, पन ते हितं पोचत नाय."

एक वाजायला वीस मिनिटं असताना अ‍ॅम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळत नाही हे त्या लोकांनी एकदा बघितलं, काकूंना व्हीलचेअरवर बसवलं आणि ते पुढच्या कॉलला गेले. वीस मिनिटांच्या वर बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून माझ्याकडे बघत होती.

काकूच बोलल्या. "काय गं, चालत होतं म्हणे तुझं यंत्र?"

"चालतंय काकू. मधेच थांबतंय."

"मग माझ्यासारखंच की."

मेकॅनिक हात पुसत पुढे आला. "ताई, आता झाकनच राहिलंय. त्याला वर बारीक भोक असतं. डिझेल खाली गेलं की तितकी हवा आत नको जायला? तुमी तर तोंडच बांधलंय त्याचं."

अध्यक्षांनी रजिस्टर उघडलं. "कारण काय लिहायचं?"

आणि मी खरोखरच शब्द जुळवायला लागले.

"माझा खुबा कापला तेव्हा एकच सही घेतली होती," काकू म्हणाल्या. "इथे किती लागतात?"

वॉचमनने कटरने टेप कापली. झाकण फिरवताच टाकीने 'सुस्स' करून हवा ओढून घेतली. पार लिफ्टपर्यंत ऐकू आलं. दर शुक्रवारच्या दोन मिनिटांत टाकीतलं डिझेल इतकं उतरतच नव्हतं की हवेची कमतरता जाणवावी, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत टेपच्या फटींतून तितकी हवा हळूहळू आत जायची. म्हणून दर शुक्रवारी ठीक.

पाइपातली हवा पुन्हा काढून मशीन सुरू झालं. या वेळी मेकॅनिकने पंधरा मिनिटं थांबायला लावलं आणि मी वाद घातला नाही. लिफ्ट वर गेली तेव्हा काकूंना खुर्चीत बसून पाऊण तास झाला होता. शेवटी शेवटी त्यांनी विनोद करणं बंद केलं होतं. डोळे मिटून, खुर्चीचा दांडा धरून बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात सगळं मार्गी लावलं. टेप रद्द. जनरेटरच्या खोलीला कुलूप. तपासणी अर्धा तास, लिफ्ट चालवून. रजिस्टरमध्ये कारण: झाकणाचे हवेचे छिद्र बंद झाल्याने.

नंतर सून गेटवर भेटली. म्हणाली, "त्या मेकॅनिकला लवकर कळलंच नाही ना."

"हो," मी म्हटलं. "वेळ लागला त्याला."

काकू आता वॉकर घेऊन घरात चालतात. मी दोनदा जाऊन आले, एकदा शिरा घेऊन, एकदा नुसतीच. दोन्ही वेळा अर्धा तास बसले, व्यायामाचं विचारलं आणि खाली आले. अकरा वाजून दहा मिनिटांनी मेकॅनिकचा हात झाकणावरच होता आणि तो मी काढायला लावला, हे त्यांना सांगायचं आहे. दर सोमवारी मी ते डायरीतल्या राहिलेल्या कामांबरोबर नव्या पानावर उतरवून घेते. या सोमवारीही उतरवलं आहे.