समुद्राच्या माशाचा घास

आधी काकूंचं सांगतो, मग बाकीचं. त्या नसत्या तर हे सांगायला मी झाशीत राहिलोच नसतो. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन मजली घर, वर माझी खोली. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या वेळी इकडे आले, म्हणून घरात मराठी. पण ती मराठी अशी, की "अहो भैया, जरा इकडे या तो!" मी लिहितोय म्हटल्यावर म्हणाल्या, "नाव लिहू नकोस हं माझं. उगाच भाव खाल्ल्यासारखं होतं." म्हणून नाव लिहीत नाही.

मी देवगडच्या बाजूचा. आठवीनंतर शाळा सुटली, मग मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात राहिलो. तिथे एक गिऱ्हाईक यायचं, झाशीचा कापडवाल्यांचा मुलगा, माझ्याहून थोडा मोठा. त्याला घरी समुद्राच्या माशांची मोठी टाकी करायची होती. समुद्र हजार कोस लांब आणि याला खाऱ्या पाण्याचे मासे हवेत! सगळे हसले. तो मलाच उचलून घेऊन आला. मी त्यांना भैयाजी म्हणायचो.

बड़ा बाज़ारात खाली दुकान, वर घर, आणि वरच्या दिवाणखान्यात टाकी. मीठ कालवून पाणी करायचं, रोज त्याचा खारेपणा बघायचा, काच पुसायची, हे माझं काम. पण खरं काम खाण्याचं. लोकांना वाटतं मासा तो मासा, काहीही टाका. तसं नसतं. आमच्याकडे एक पिवळा सर्जन मासा होता, तो दिवसभर शेवाळ खुडणारा. त्याला समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा काचेला चिमट्याने लावून द्यायचा. जोकर मासे चार दिवसांत दाण्यांवर आले. आणि एक फुलपाखरू मासा होता, पांढरा, पिवळ्या कडेचा, डोळ्यावर काळा पट्टा. त्याचं तोंड म्हणजे बारीक चिमटा. दाणे तोंडात घेऊन थुंकायचा. त्याला हवी उघडलेली शिंपली, तीही आतलं मांस तसंच शिंपल्याला चिकटलेलं असताना. खडकातून टोचून टोचून खायची त्याची जात.

घर कांदा-लसूणही न खाणारं. भैयाजींनी गच्चीवर वेगळा छोटा फ्रिज ठेवला होता, त्यात कोळंबी आणि शिंपल्या. अम्माजींना, म्हणजे त्यांच्या आईला, ते ठाऊक होतं. त्या गच्चीवर जायच्या नाहीत एवढंच. भैयाजींनी काचेवर बोट लावलं की फुलपाखरू मासा बोटाशी येऊन थांबायचा. अम्माजी म्हणायच्या, "हमारी तो सुनता नहीं, मछली की सुनता है ये लड़का."

मग भैयाजी गेले. पोटाचं दुखणं निघालं, आधी कानपूर, मग दिल्ली, आणि दिवाळीच्या आधी सगळं संपलं.

तेरावं झालं आणि घर धुऊन काढलं. गच्चीवरचा फ्रिज कुणाला तरी देऊन टाकला. मला वाटलं आता टाकी जाणार आणि मीही. अम्माजींनी बोलावलं. पांढऱ्या साडीत टाकीसमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ये सब ज़िंदा रहने चाहिए, बेटा. बरसी तक तो ज़रूर. पर मांस-मच्छी अब नहीं. जिसके नाम पे जी रहे हैं, उसके नाम पे कोई मरे नहीं."

मी "जी अम्माजी" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून त्या स्वतः खाऊ घालायला लागल्या. इकडे तलावावर माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, गेलेल्या माणसाच्या नावाने. अम्माजी रोज सकाळी आंघोळ करून हळद घातलेली कणीक मळायच्या, मण्याएवढ्या गोळ्या वळायच्या आणि ओठ हलवत एकेक टाकीत सोडायच्या. तलावातला मासा खातो कणीक. समुद्राचा काय करणार? गोळ्या तळाशी जाऊन फुगायच्या. त्या पूजेला गेल्या की मी नळीने ओढून काढायचो, तरी पाणी पांढुरकं व्हायचं, वास यायचा.

सर्जनला त्रास नव्हता, त्याला पापुद्रा मिळत होता. त्याच्याकडे बोट दाखवून अम्माजी म्हणायच्या, "देखो, ये पत्ता खाता है न? वो भी सीख जाएगा. संगत से सब सीखते हैं."

फुलपाखरू शिकला नाही. लसणीच्या वासाने मासे तोंड लावतात, पण पापुद्रा तिच्या रसात भिजवून पाहावा तर या घरात लसूण कुठून आणायची? तोही बाहेरून भिजवून नेला. त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याची पाठ डोक्याच्या मागे बसायला लागली. मासा उपाशी असला की आधी तिथे खड्डा पडतो. तो खड्डा मला रोज दिसायचा आणि अम्माजींना दिसायचा नाही. त्या म्हणायच्या, "आज तो अच्छा लग रहा है." मी "जी" म्हणायचो. खरं सांगावं तर त्या म्हणतील, जा मग. आणि मी कुठे जाणार होतो? घरी दोन बहिणी, आणि माझ्या हाताला दुसरं काही येत नव्हतं.

माझंच जेवण उतरेना. काकू ताट परत आलेलं बघायच्या. एका संध्याकाळी जिन्यातच अडवलं.

"काय रे, माझ्या हातची भाजी आवडत नाही का तुला? साफ बोल."

"तसं नाही काकू."

"मग कसं? प्रेमाबिमात पडलास की काय?"

"माशाचं आहे," म्हटलं, आणि तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. काकूंनी एवढंच विचारलं, "काय खातो म्हणालास तो?"

"तिसऱ्या. शिंपल्या."

"मिळतील?"

मिळण्यासारख्या होत्या. कोकणातून वर दिल्लीकडे जाणारी गाडी झाशीला थांबते, तिच्या स्वयंपाकाच्या डब्यात आमच्या वाडीतला एक जण होता. आईला फोन केला. ती ओरडलीच, "माशाक तिसरे? हंयसर माणसांक गावनत नाय!" पण खाडीत उतरली, आणि बर्फात घातलेला डबा आला. प्रश्न होता तो ठेवायचा कुठे.

काकू रोज देवाला नैवेद्य दाखवणाऱ्या, सोवळ्याची साडी वेगळी वाळत घालणाऱ्या. त्यांनी फ्रिज उघडला, वरचा बर्फाचा कप्पा रिकामा केला. देवाचं दूध खाली होतं. दोन्हीकडे एकदा बघून म्हणाल्या, "बघ, तुझ्या तिसऱ्या वर आणि माझा देव खाली. त्याला सांगते मी, थोडे दिवस ऍडजस्ट कर म्हणून."

मी चोरून नेऊन घालायला तयार होतो. काकू म्हणाल्या, "नाही. त्या बाईचा मुलगा गेलाय. तिला फसवायचं नाही. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पदराखाली धरून त्या माझ्याबरोबर बड़ा बाज़ारात आल्या. अम्माजी कणीक मळत होत्या. काकूंनी हात जोडले आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा मासा पान खाणारा नाही, कणीक खाणारा नाही, आणि डब्यात काय आहे.

अम्माजींचे हात थांबले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूने तो कहा था ठीक है."

काकूच म्हणाल्या, "डर गया था, बहनजी. घर से दूर है. पर भूखा रखना भी तो मारना ही है न?"

अम्माजींनी कणकेचे हात धुतले, पुसले आणि देवघराकडे गेल्या. दारात थांबून पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मैं देखूँगी नहीं." आणि दार लावून घेतलं.

मी शिंपली उघडून, मिठाच्या पाण्यात धुऊन खडकाला टेकवून ठेवली. जोकर मासे लगेच धावले, त्यांना हाताने हाकललं. फुलपाखरू लांबून बघत होता. मग आला. एकदा टोचलं, मागे गेला. परत आला, परत टोचलं. काकू काचेला नाक लावून कुजबुजत होत्या, "खा रे बाळा, खा."

पुढचे काही दिवस तो रोज थोडं थोडं खात होता. पण फार उशीर झाला होता. इतका वाळलेला मासा खायला लागला तरी आतून सावरत नाही, हे मला दुकानात शिकवलं होतं, आणि तेच झालं. एका सकाळी तो खडकाच्या खाचेत आडवा दिसला.

अम्माजींना सांगायला मीच गेलो. वाटलं आता रडतील, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "भूखा तो नहीं गया न?"

"नहीं अम्माजी. कल शाम को भी खाया था."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "उसको तो दिल्ली में डॉक्टरों ने कुछ देने नहीं दिया. आख़िरी दिन तक खिचड़ी माँगता रहा. चम्मच भर भी नहीं दे सकी मैं."

मी तिथेच जमिनीवर बसलो. टाकी अजून आहे, मीही आहे, आणि अम्माजी आता कणीक तलावावरच नेऊन घालतात.

काकूंचं वय झालंय. मुलगा घर विकून त्यांना इंदूरला न्यायचं म्हणतो. फोनवर त्या "हो बेटा, बघू बेटा" म्हणतात आणि फोन ठेवला की भिंतीला हात लावून उभ्या राहतात. मनातलं त्यांना बोलता येत नाही. माझ्यासाठी मात्र परक्या दारात बोलता आलं. मला अजून मोठ्या माणसांसमोर घाम फुटतो, काकू. पण तुमचा मुलगा येईल, त्या दिवशी मी तुमच्या शेजारी उभा राहीन, आणि तुम्हाला जे सांगायचंय ते मी सांगेन. अडखळलो तरी सांगेन.