पिठाच्या डब्याखालचा कागद

हे मी अजून कोणालाच सांगितलं न्हाई. पोराला न्हाई, राजूरच्या गणपतीलाबी न्हाई — तिथं हात जोडते अन् दुसरंच कायतरी मागून येते. तुम्ही ना माझ्या गावच्या, ना नात्यातल्या. म्हणून तुमच्यापुढं बोलून राह्यले.

माझं तोंड लई फाटकं, सगळ्या टेंभुर्णीला ठाऊक आहे. माझी सून सुरेखा पहिल्यांदा पोटुशी होती तवा ग्रहण आल्तं. पोटुशा बाईनं ग्रहणात काही चिरू न्हाई, कापू न्हाई, हे आमच्याकडं लेकरालाबी माहीत. अन् हिनं काकडी चिरली. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं! तिसऱ्या महिन्यात पोट खाली झालं, मंग काय — दळणाला गेले तिथं सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं, तिच्या आईला तर तिच्याच दारात उभं राहून सांगितलं. पोरगी मान खाली घालून ऐकायची.

पुढं मीच तिला जालन्याला दाखवायला नेलं. माझ्या पोराला, गजूला, सुट्टी मिळाली न्हाई. सोनोग्राफी झाल्यावर सुरेखा आत लुगडं सावरत होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाईनं मला जवळ बोलवलं. म्हणाली, हिच्या पिशवीत मधोमध पडदा आहे, जन्मापासूनचा. गर्भ त्याच्यावर धरला तर टिकायची मारामार. दुर्बीण घालून तेवढा पडदा कापायचा, पोटाला टाकासुद्धा न्हाई. पुढचं लेकरू टिकायची आशा वाढते. मी विचारलं — काकडी चिरल्यानं होतं का हो असं? ती हसली. बिलकुल न्हाई, म्हणाली. सुनेलाबी समजावते, बोलवा तिला. मी म्हटलं, राहू द्या, तुमच्याकडं गर्दी आहे, मी सांगते घरी.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. आता गावाला काय सांगू? तिच्या आईपुढं कोणतं तोंड घेऊन जाऊ? — एवढंच मनात आलं. सुरेखा न्हाई, लेकरू न्हाई. घरी येऊन सांगितलं, समदं बराबर आहे, ताकदीच्या गोळ्या दिल्यात. अन् सोनोग्राफीचा कागद पिठाच्या डब्याखाली सारला.

वर्षाच्या आत तिला पुन्हा दिवस गेले. ह्या वेळेस ग्रहणबिहण काही नव्हतं, तरी पोरगी धारेच्या वस्तूला हात लावीना. विळी माझ्याकडं सरकवायची. ब्लाउजचं बटण तुटलं तर पिन लावून फिरली, सुई धरली न्हाई. नखं वाढू दिली. मी समोर बसून भाजी चिरायची अन् तिच्या पोटाकडं बघायची. मला ठाऊक होतं ना! रोज पीठ काढताना हात डब्याखाली जायचा, अन् परत यायचा. आता दिवस गेलेत, आता सांगून काय — असं म्हणत एकेक महिना काढला.

पाचव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. सुरेखानं माझा हात धरला. म्हणाली, "आत्याबाई, ह्या खेपेला तर मी सुईबी धरली न्हाई हो."

मी काय म्हणाले असेन? — तेच तर सांगायचंय तुम्हाला. मी म्हणाले, धरली असशील कधीतरी. चुकून.

तिनं ते खरं मानलं. आठ दिवस आठवून राह्यली होती, कधी धरली, कधी धरली.

उद्या गजू तिला दुसऱ्या डॉक्टरकडं नेऊन राह्यला. तूबी चल म्हणतो. जुने कागद असतील तर काढून ठेव म्हणला. आज दुपारी मी डबा उचलला. कागदाला पीठ लागलंय, पण अक्षर साफ आहे. तारीखबी. थैलीत सगळ्यात वर ठेवलाय.

डॉक्टर पडद्याचं वाचतील, मंग तारीख वाचतील. मी सुरेखाच्या शेजारीच बसलेली असेन.