समोरासमोरचे बुरूज

मुलगी पाचवीत असताना शाळेने प्रोजेक्ट दिला: एका अमिरातीतले जुने किल्ले बघा, माहिती लिहा, फोटो चिकटवा. प्रोजेक्ट मुलांचा आणि घाम आईबापांचा, हा दुबईतल्या शाळांचा नियमच होता. त्यामुळे लागोपाठ तीन शुक्रवार मी बायको-मुलीला घेऊन गाडी उत्तरेला हाकली. किल्ले आपल्याकडच्यासारखे नव्हेत, चढायला दम लागत नाही. खजुरीची बाग, मागे बोडका डोंगर आणि मध्येच एखादा मातीचा गोल बुरूज. मला त्यात काडीचाही रस नव्हता.

तिसऱ्या शुक्रवारी बागेच्या दोन टोकांना दोन बुरूज दिसले, अगदी समोरासमोर. राखणदार म्हातारा अरब होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून त्याला हिंदी येत होती.

“इदर भाई, उदर भाई. बहुत साल लडाई,” तो म्हणाला.

आखातात कोण भाई नसतो? टॅक्सीवाला भाई, धोबी भाई, व्हिसाचे कागद टाइप करणारा भाई. मी विचारलं, “कौन सा भाई? किधर का?”

म्हातारा चिडला. माझ्या नाकासमोर बोट धरून म्हणाला, “एक अम्मा, एक अब्बा!”

मुलगी वहीत लिहीत होती. “बाबा, सो इट वॉज अ सिव्हिल वॉर?”

“यादवी,” मी म्हणालो.

“व्हॉट्स दॅट?”

“एकाच घरातली माणसं आपापसात…” एवढं बोललो आणि थांबलो, कारण बायको माझ्याकडे बघत होती.

माझा सख्खा थोरला भाऊ तेव्हा जबल अलीत वेल्डर होता, कंपनीच्या कॅम्पवर राहायचा. मला इथे आणलं त्यानेच. त्याच्या चार वर्षं आधी गावी अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले. फोन आला तो बर दुबईत, माझ्या ऑफिसात. मी कॅम्पवर फोन लावला, कुणी उचलला नाही. संध्याकाळच्या विमानात जागा मिळत होती. जबल अलीला जाऊन यायला दोन तास लागले असते. त्यात दादाचा पासपोर्ट कंपनीकडे, त्याला कोण सोडणार, असं माझं मीच ठरवून टाकलं आणि निघालो. अग्नी द्यायचा मान थोरल्याचा, तो मी दिला. दादाला तिसऱ्या दिवशी एका गाववाल्याकडून कळलं. रजा मिळाली नाही. मी परत येऊन भेटायला गेलो तेव्हा त्याने पाठ फिरवली, ती फिरवलीच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी बायकोला ऐकवायचो, आणि पीळ सगळा त्याचाच धरायचो.

म्हातारा पुढे सांगत होता. “एक दिन अम्मा मर गया. उस दिन गोली बंद. इदर से आदमी गया, उदर बोला, अम्मा मर गया, आओ. दोनों भाई नीचे आया. दोनों कंधा दिया.”

“फिर?”

“फिर वापस ऊपर. फिर लडाई.” तो बोळकं उघडून हसला.

मला हसू आलं नाही. बंदुका रोखून बसलेल्या भावांनी निरोप धाडला होता. माझ्यावर कोण गोळ्या झाडत होतं? मला फक्त विमान चुकायची भीती होती. लाज वाटली.

घरी न वळता मी गाडी तशीच जबल अलीला नेली. चारच्या सुमाराला कॅम्पच्या फाटकाशी पोचलो आणि आत निरोप धाडला. दादा लुंगी सावरत बाहेर आला. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे न बघता तो मुलीसमोर वाकला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “बाळा, तुझ्या बाबाला विचार, अण्णांच्या दहाव्याला कावळा शिवला का?”

ती गोंधळली. “बाबा, विच क्रो?”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आई, काका, सगळ्यांची तोंडं मी बंद केली होती. खोटं बोलणं सोपं होतं. शिवला म्हटलं असतं तर दादाला वाटलं असतं, अण्णा समाधानाने गेले.

“नाही शिवला, दादा,” मी म्हणालो. “पिंड तसाच राहिला. दर्भाचा कावळा करून लावला शेवटी.”

तो सरळ उभा राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं.

“किती वेळ थांबलात?”

“अर्धा तास. माझं दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं. मुंबई गाठायची होती.”

“अर्धा तास,” दादा म्हणाला. “माझी वाट बघत होते रे अण्णा. तुला माहीत होतं ना?”

मी हो म्हणालो.