बिबवेवाडीच्या फ्लॅटचा चार्ज

घर विकताना मागे काय ठेवायचं, याबद्दल पोपटराव गजभियांना तिघांनी तीन सल्ले दिले होते. एजंट म्हणाला, "पंखे, नळ, गिझर. बाकी मोकळं करा आणि झाडून द्या." सोसायटीचे सेक्रेटरी संजय म्हणाले, "थकबाकी तेवढी मागे ठेवू नका." वारज्याला राहणारी मुलगी मैत्री फोनवर म्हणाली, "बाबा, काही ठेवू नका आणि काही आणूही नका."

पोपटरावांनी तिघांचं ऐकून घेतलं आणि एकेचाळीस बाबींची चार्ज लिस्ट केली.

ते सरकारी खात्यात भांडारपाल होते. धरणांच्या कामावरची फावडी, दोर, पहारी, सिमेंटची पोती, हे सगळं त्यांच्या नावावर असे. बदली झाली की नवीन माणूस यायचा, दोघं मिळून फावडी मोजायची, यादीखाली एकाने 'चार्ज देणार' आणि दुसऱ्याने 'चार्ज घेणार' म्हणून सही करायची. ती झाल्याशिवाय जुना माणूस सुटत नसे. एकदा नवीन भांडारपाल अकरा दिवस उशिरा आला. तोवर पोपटराव, बिछाना बांधलेला, सिमेंटच्या पोत्यांवर बसून राहिले. पुढे तो प्रसंग ते अभिमानाने सांगत. ऐकणाऱ्याला त्यात अभिमान कुठला हे कळत नसे, पण ज्याची नोकरी फावड्यांत गेली त्याचा अभिमान फावड्यांतच असणार.

बिबवेवाडीचा हा फ्लॅट त्यांनी चौऱ्याण्णव साली घेतला, तो मात्र त्यांच्या नावावर कागदापुरताच होता. ते कायम कुठल्या ना कुठल्या धरणावर. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घर चालवलं सुंदराबाईंनी. वर्ध्याकडून पुण्यात येऊन त्यांना तीन दशकं झाली, तरी बोलणं वर्ध्याचंच राहिलं. रविवारी पोपटरावांनी सहज विचारावं, "पाणी किती वाजता येतं गं?" त्यावर त्या म्हणायच्या, "तुमाले काहून पायजे? तुमी त सोमवारी चालले."

निवृत्त झाल्यावरही विचारायची सवय लागली नाही. आणि दोन वर्षांपूर्वी सुंदराबाई दीड दिवस दवाखान्यात राहून गेल्या. त्या दीड दिवसात घराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पोपटरावांनी हे कुणाकडे बोलून दाखवलं नाही, पण मनात थोडी तक्रार राहिली. एवढं मोठं खातं इतकी वर्षं सांभाळलं आणि बाई चार्ज न देता गेल्या.

मग दोन वर्षं ते स्वतःच्या घरात नवीन कर्मचाऱ्यासारखे वावरले. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो, बेडरूमची खिडकी किंचित उचलल्याशिवाय बंद होत नाही, गिझर आणि मिक्सर एकदम लावले की फ्यूज जातो, हे सगळं त्यांना एकेक करून, किंमत मोजून कळलं. सगळ्यात जास्त वेळ कुकरने घेतला. शेजारच्या शर्मिलाताईंचं स्वयंपाकघर आणि यांचं, दोन्हींच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. पोपटराव तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करायचे. त्यातली एक शर्मिलाताईंची असायची. तीन महिने त्यांनी अर्धकच्चा भात खाल्ला आणि दोनदा तांदूळ बदलला. शेवटी एक दिवस शर्मिलाताई माहेरी गेल्या आणि भात शिजला.

हे सगळं त्यांनी यादीत लिहिलं. अनुक्रमांक, बाब, संख्या, स्थिती, शेरा असे पाच रकाने, फूटपट्टीने आखलेले. बाब अठरा: कुकरच्या शिट्ट्या. संख्या: पाच ते सहा. शेरा: यांपैकी जाड आवाजाच्या आपल्या. बाब सत्तावीस: जास्तीच्या फरश्या, सहा नग, एक टवका उडालेली. बाब अठ्ठावीस: भिंतीचा रंग, अर्धा डबा. बाब एकतीस: किल्ल्या, सात, पैकी दोन कशाच्या ते माहीत नाही. शेवटची बाब एकेचाळीस: ऊन. स्वयंपाकघराची खिडकी, मार्च ते जून, अकरा वाजून दहा ते दीड. संख्या: एक. स्थिती: चांगली. शेरा: सांडगे, पापड.

ही शेवटची बाब त्यांना गेल्या मे महिन्यात सापडली. सुंदराबाई सांडगे कुठे वाळवतात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. गच्चीवर असेल, असं धरून चालले होते. एक दिवस खिडकीच्या कट्ट्यावर गोल डाग दिसला, ताटाएवढा, आणि त्यावर ऊन. मग त्यांनी चार दिवस घड्याळ घेऊन वेळा लिहून काढल्या; महिने सांडग्या-पापडांच्या हंगामावरून धरले.

घर रिकामं झालं होतं. बुद्धमूर्ती आणि भिंतीवरचे फोटो मैत्रीने आधीच वारज्याला नेले होते. त्या रविवारी सकाळी नवीन मालक ताबा घ्यायला आले. तेजस आणि भाग्यश्री, दोघंही आयटीत, दोघांच्याही हातात मोजायची टेप. पोपटरावांनी ओट्यावर यादीच्या दोन प्रती ठेवल्या, वर पेन आडवं ठेवलं.

"हे काय आहे काका?" तेजसने विचारलं.

"चार्ज लिस्ट. एकेक बाब बघून घ्या. मग सही."

"अहो, रजिस्ट्रेशन झालंय ना आपलं!"

"ते घराचं झालं," पोपटराव म्हणाले. "हे घरातलं."

भाग्यश्रीने पान उलटलं. "बापरे, तीन पानं! तेजस, बघ ना, किती क्यूट."

आपल्या यादीला क्यूट म्हणतील हे पोपटरावांच्या कल्पनेत नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "बाब एक. स्वयंपाकघरातला नळ. उलटा फिरतो."

"काका, तो जाणार," तेजस म्हणाला. "म्हणजे ओटाच जाणार. ही भिंतपण. ओपन किचन करतोय आपण."

'आपण' हा शब्द पुण्यात मोठ्या मायेने वापरतात, विशेषतः समोरच्याचा काही संबंध उरलेला नसतो तेव्हा. पोपटरावांनी खिशातून लाल पेन काढलं आणि फूटपट्टी लावून दोन्ही प्रतींतली पहिली ओळ खोडली.

"बाब दोन. खिडकी."

"स्लायडिंग लावणार."

"तीन. फ्यूज."

"वायरिंग सगळं नवीन, काका."

असं चाललं. फरश्या नकोत, कारण फरशीच बदलणार. रंग नको. किल्ल्या नकोत, कारण दाराला बोट लावून उघडणारं कुलूप येणार होतं. कडीला लावायच्या कुलपाबद्दल पोपटरावांनी विचारलं, तर कडीही जाणार होती. बाब अठरा त्यांनी थोडी सावकाश वाचली.

भाग्यश्री हसली. "मस्त आहे हे! पण आमच्याकडे इंडक्शन आहे हो. आणि खरं सांगू का, भात आम्ही फारसा खातच नाही."

लाल रेघ.

मध्येच मैत्रीचा फोन आला. "बाबा, निघालात का? फरश्या-बिरश्या काही आणू नका हं. जागा नाहीये."

"त्यांनी नाही म्हटलं," पोपटराव म्हणाले.

"मग टाकून द्या!"

"असं टाकता येत नाही. घेणाऱ्याने नाकारलेला माल देणाऱ्याच्या अंगावर राहतो."

"कुठल्या जगात, बाबा?" मैत्रीने विचारलं. तिला कुठल्या जगात ते माहीत होतं. तिने फोन ठेवला.

चाळीस बाबी खोडून झाल्या. पोपटराव एकेचाळीसवर आले आणि थांबले. ही त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. भिंत पाडता येते, वायर काढता येते. ही बाब कुणाच्या हातातली नव्हती.

भाग्यश्रीने ती स्वतःच वाचली. मोठ्याने नाही. मग खिडकीकडे गेली, कट्ट्यावर हात ठेवला. "हे काकूंनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही," पोपटराव म्हणाले. "त्यांनी काहीच सांगितलं नाही. म्हणून तर यादी केली."

डक्टमधून शर्मिलाताईंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"हे आपण ठेवू या," भाग्यश्री म्हणाली.

"अगं, तिथे चिमणी येणारे," तेजस म्हणाला. आवाज त्याने खाली आणला होता. "पाइप तिथूनच बाहेर काढायचाय. खिडकी पॅक करणार ना आपण, तूच डिझाइन फायनल केलंस."

"हो," ती म्हणाली. "केलं खरं."

पोपटरावांनी फूटपट्टी लावली. ही रेघ जरा वाकडी आली.

आता यादीत काही उरलं नव्हतं. तेजसला वाटलं, झालं. पण पोपटराव खुर्ची शोधल्यासारखे इकडे तिकडे बघत होते. खुर्ची वारज्याला गेली होती. मग त्यांनी उभ्यानेच, दोन्ही प्रतींवर शेवटच्या रेघेखाली एक शब्द लिहिला: निरंक.

"म्हणजे?" तेजसने विचारलं.

"काही नाही. काही नसलं तरी तसं लिहून द्यावं लागतं. कोरं सोडायचं नाही. करा सही."

तेजसने भाग्यश्रीकडे पाहिलं. भाग्यश्रीने पेन घेतलं आणि 'चार्ज घेणार' या शब्दांवर, दोन्ही प्रतींवर, पूर्ण नावाने सही केली. पेन परत देताना ती म्हणाली, "सॉरी काका." पोपटरावांनी मान हलवली. चार्जमध्ये सॉरीला रकाना नव्हता.

त्यांची सही राहिली होती. ते बराच वेळ 'चार्ज देणार' या शब्दांकडे बघत राहिले. साहेब जागेवर नसतील तर हाताखालचा माणूस त्यांच्या नावापुढे 'करिता' लिहून सही करतो, ही खात्यातली रीत. पोपटरावांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सुंदराबाई पोपट गजभिये करिता', आणि खाली आपली सही केली.

एक प्रत घडी घालून खिशात ठेवली, दुसरी पुढे सरकवली. तेजसने मोबाइलवर तिचा फोटो काढला. "हे झालं सेव्ह," तो म्हणाला आणि टेप घेऊन भिंत मोजायला गेला.

फरश्यांची चवड जड होती. तेजस मागून धावत आला. "द्या काका, मी रिक्षापर्यंत नेतो."

"नको," पोपटराव म्हणाले. "माझ्या नावावर आहेत."

तीन फेऱ्या झाल्या. शेवटची रंगाच्या डब्याची. आत भाग्यश्री आणि तेजस बेडरूममध्ये कपाट कुठे येईल यावर वाद घालत होते. त्यांना हाक मारावी का, याचा पोपटरावांनी थोडा विचार केला. मारली नाही. दार तसंच उघडं ठेवून बाहेर पडताना त्यांना यादीची दुसरी प्रत ओट्यावरच पडलेली दिसली, पाण्याच्या बाटलीखाली, एक कोपरा ओला झालेला. त्यांनी बाटली बाजूला केली नाही. ती प्रत नवीन मालकांची होती.