स्टॅनमोरचा अमेरिकन जुलै

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अमेरिकेचा इतिहास प्रामुख्याने जुलै महिन्यात घडला असून, तो दरवर्षी लंडनमधील स्टॅनमोर येथे, आमच्या डायनिंग टेबलावर, पुन्हा घडवून आणला जातो.

घडवणारे माझे थोरले साडू. राहतात न्यूजर्सीत. तिथला उन्हाळा सोसत नाही म्हणून तीन जुलैला मेहुणीसकट आमच्याकडे उतरतात. चार तारखेला अमेरिका स्वतंत्र होते. तिला पुरणपोळी लागते. मग रोज नाश्त्याला काही ना काही ऐतिहासिक घडत राहतं, आणि वीस तारखेला माणूस चंद्रावर उतरतो. त्याला साटोऱ्या. चंद्र उरकला की साडू बॅगा भरतात.

बायको हे सगळं हसतमुखानं करते. माहेरचे थोरले जावई! भावोजींना ‘नाही’ म्हणायची त्या घराण्यात रीतच नाही. पण यंदा आमची लेक एडिनबराला हॉस्पिटलात लागली. पहिली नोकरी, पहिलं घर, आणि रजा मिळाली ती नेमकी जुलैच्या मध्यावर. “आई, तू येच,” म्हणाली. बायकोनं लाडवांचा डबा भरून दाराशी ठेवला आणि भावोजींना सांगायची कामगिरी माझ्यावर सोपवली. मी चारचौघांत सिंह. साडूंपुढे मला फक्त “वा, वा” येतं.

चार तारखेला पोळीवर तूप पडलं आणि साडू उभे राहिले. “सतराशे शहात्तर! इंग्रजांना आम्ही ठणकावलं, आता तुमचं आमच्यावर काही चालणार नाही!”

“वा, वा,” मी म्हणालो. टेबलाखालून नडगीवर लाथ बसली.

शेवटी बायकोच म्हणाली, “भावोजी, महिन्याच्या मध्यावर आम्ही लेकीकडे जाऊन...”

“छे, छे! सोळाला रॉकेट सुटतं. चंद्राच्या साटोऱ्या कोण करणार? आण, अजून एक पोळी वाढ.”

पुढचं आधीच सांगून टाकतो. आम्ही एडिनबराला गेलो. लाडू लेकीनं डब्यातूनच खाल्ले. इकडे माणूस चंद्रावर उतरला तेव्हा साडू टोस्टला जॅम लावत होते, असं मेहुणीनं फोनवर, फार खुशीत, सांगितलं.

हे सगळं एका वाक्यानं झालं. पोळी ताटावर अधांतरी धरून बायको थबकली, आणि तिच्या तोंडून निसटलं:

“इंग्रजांच्या तावडीतून अडीचशे वर्षांपूर्वी सुटलात ना भावोजी, मग दर जुलैला परत इथंच कशाला येता हो?”