बाबाराव बाराती

बाबारावांचा पाय मी मोडला, असं आमच्या अख्ख्या दीक्षितपुरा मोहल्ल्यात बोललं जातं. मोडला नाही हो, नुसता मुरगळला. एका अनोळखी माणसाच्या बारातीत आम्ही शेजारी-शेजारी नाचत होतो. म्हणजे ते नाचत होते, मी उड्या मारत होतो. त्यातली एक उडी नव्याकोऱ्या जोड्यांसकट, माझ्या ब्याऐंशी किलोंसकट, त्यांच्या डाव्या पावलावर उतरली. डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन आठवडे नाचणं बंद सांगितलं. आणि नातीचं, प्रणोतीचं लग्न बाराव्या दिवशी!

हा घोळ केवढा मोठा, ते कळायला आधी बाबाराव कळायला हवेत. तोफगाड्यांच्या कारखान्यातले निवृत्त फिटर, वय पंच्याहत्तर. त्यांच्या पत्नी शैलजाकाकू गेल्या आणि हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला, तो दोन वर्षं बसूनच. सुनेनं चहा आणला की "ठेव" म्हणायचे. दिवसभराचं बोलणं तेवढंच. मग एका संध्याकाळी गल्लीत एक बारात अडकली. पुढे ट्रक, मागे गाय, आणि बरोबर बाबारावांच्या दारात अर्धा तास ढोल. नवरदेवाचा मामा सरळ घरात शिरला. "आओ दद्दा!" म्हणून त्यानं हात ओढला आणि दद्दा गेले. घामाघूम होऊन परतले, चार पोळ्या खाल्ल्या आणि वर सुनेला म्हणाले, "आज वरणात मीठ काहून कमी?" सूनबाई आनंदानं रडली.

तेव्हापासून लग्नसराईत ढोल वाजला की बाबाराव टोपी चढवून हजर. दाढी करताना गुणगुणायचे, दूधवाल्याशी पुन्हा भांडायला लागले. गावातल्या कितीतरी लग्नांच्या अल्बमात ते आहेत, आणि हे गृहस्थ कोण, ते एकाही घराला सांगता येत नाही.

माझ्या जोड्यांनी त्यांना परत खुर्चीत बसवलं. नवव्या दिवशी मी डिंकाचे लाडू घेऊन गेलो.

"ठेव," म्हणाले.



लग्नाच्या दिवशी मुलानं, मोहननं, त्यांना मंडपाच्या दारात खुर्ची दिली, हातात हार दिला. "बाबा, आपण मुलीकडचे. इथंच बसायचं. व्याही आले की हार घालायचा."

बाबारावांनी हार मांडीवर घेतला.

गढ्याहून नवरदेवाची बारात आली. ढोल जवळ येऊ लागला तशी बाबारावांची काठी ठेका धरू लागली. मग खांदे हलले. मोहन गुलाबदाणी शोधायला वळला, तेवढ्यात खुर्ची रिकामी! बघतो तर बाबाराव बारातीच्या मधोमध. पाय खिळा ठोकल्यासारखे एका जागी, आणि कमरेच्या वर सगळा माणूस नाचतोय. मान, मनगटं, भुवयासुद्धा. व्याह्यांचा हार ढोलवाल्याच्या गळ्यात.

"बाबा! काय करून राहिले? तुम्ही इकडचे!" मोहन ओरडला.

वरच्या गच्चीतून शालू सावरत प्रणोती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, "पप्पा, उनको मत रोको! आजोबा, और जोर से!"

व्याही मोहनला विचारत होते, "ये दद्दा हमारी तरफ के हैं क्या?"

मोहननं एकदा बापाकडे पाहिलं, गुलाबदाणी व्याह्यांच्याच हातात दिली आणि तोही बारातीत शिरला.

मग मलाही राहवेना. गर्दीतून वाट काढत मी बाबारावांच्या कानाशी ओरडलो, "मी येऊ का नाचायला?"

हात हवेतच ठेवून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"ये. पण जोडे काढून ये."